महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा धूम्रपानत्याग : लाभ, क्रम आणि वैद्यांचे कर्तव्य

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे तालुके नीरा डाव्या कालव्याचे पाणी, ऊस आणि साखर कारखाने यांमुळे जसे सर्वश्रुत आहेत, तसेच ते आता विद्यार्थ्यांच्या वर्दळीमुळेही ओळखले जातात. बारामतीत १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले, १९७२ साली विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली आणि २०१९ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. इंदापूर, भिगवण, वालचंदनगर, भवानीनगर येथील मुले, त्याचप्रमाणे फलटण, माळशिरस, करमाळा, दौंड या शेजारच्या तालुक्यांतील मुले शिक्षणासाठी व स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी या परिसरात येतात. यांतील पुष्कळजण आयुष्यात प्रथमच घराबाहेर, चार मित्रांसह भाड्याच्या खोलीत राहतात. खाणावळीतील जेवण, अभ्यासिकेतील जागरण आणि चहाच्या टपरीवरील गप्पा या दिनचर्येतच बहुधा पहिली सिगारेट हाती येते.

हाच विद्यार्थी पुढे खोकला, घसा बसणे, अम्लपित्त, मलावरोध किंवा निद्रानाश यांपैकी एखादी तक्रार घेऊन आमच्याकडे येतो. आम्ही त्याला सितोपलादि देतो, अविपत्तिकर देतो, पथ्य सांगतो; परंतु धूम्रपानाविषयीचा प्रश्न पुष्कळदा विचारला जात नाही. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले पाऊल होय, हे आपणा सर्वांस पाठ आहे. ज्या रोगाचा हेतू रुग्णाच्या खिशात आहे, त्या रोगावर केवळ चूर्ण देऊन कार्यभाग कसा साधावा? प्रस्तुत लेखात धूम्रपानत्यागाचे लाभ, त्याविषयीचा शास्त्रविचार आणि चिकित्सालयात व औषधालयात आचरणात आणता येईल असा क्रम आम्ही मांडीत आहोत.

शास्त्रोक्त धूमपान आणि आजचे धूम्रपान

या विषयावर बोलू लागताच चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "आयुर्वेदातच धूमपान सांगितले आहे ना?" या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वैद्याजवळ तयार असले पाहिजे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील मात्राशितीय अध्यायात प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक असे धूमपानाचे तीन प्रकार वर्णिले आहेत. सुश्रुताने त्यांत कासघ्न व वामनीय या दोहोंची भर घालून पाच प्रकार मानले. हरेणुका, प्रियंगु, चंदन, उशीर, वेलची, जटामांसी, गुग्गुळ अशा द्रव्यांची वर्ती करून ती वाळवावी, स्नेहाक्त करावी आणि धूमनेत्राला लावून तिचा धूर घ्यावा, असा तो विधी आहे. नेत्राची लांबीही ठरलेली आहे. वैरेचनिकासाठी २४, स्नैहिकासाठी ३२ आणि प्रायोगिकासाठी ३६ अंगुळे. एवढ्या लांब नळीतून येणारा धूर निवतो व त्याची तीव्रता कमी होते. स्नान, भोजन, दंतधावन, नस्य, अंजन, निद्रा इत्यादींनंतरचे आठ काल सांगितले आहेत. त्यांतही प्रायोगिक धूम दिवसात दोनदाच, स्नैहिक एकदाच. अतियोगाने व अकाली सेवनाने बाधिर्य, आंध्य, मूकत्व, रक्तपित्त आणि शिरोभ्रम उत्पन्न होतात, असा स्पष्ट इशारा तेथेच दिलेला आहे.

याहून बोलकी गोष्ट अष्टांगहृदयात आढळते. नस्य, कवल, शोधन यांच्या वयोमर्यादा सांगताना वाग्भटाने अठरा वर्षांच्या आतील व्यक्तीस धूम निषिद्ध मानला आहे. भारत सरकारच्या २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थ अधिनियमानेही अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूची विक्री निषिद्ध केली आहे. औषधी धुरालाही जेथे वयाची अट, तेथे तंबाखूच्या धुराची गोष्टच बोलावयास नको.

तंबाखू ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती भारतात आली, म्हणून बृहत्त्रयीत तिचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. उत्तरकालीन योगरत्नाकरात तमाखूचे वर्णन येते आणि आधुनिक द्रव्यगुणग्रंथांत ती ताम्रकूट या नावाने आढळते. तेव्हा शास्त्रोक्त धूमपान हा कालबद्ध, मात्राबद्ध उपक्रम आहे आणि सिगारेट हे व्यसन आहे. दोहोंत धुराखेरीज काहीही समान नाही.

धूर हा प्राणवह स्रोतसाला घातक आहे, याचीही जाणीव आचार्यांना होती. श्वासाच्या हेतूंमध्ये रज व वायूबरोबर धूमाची गणना केली आहे. सुश्रुताने सूत्रस्थानातील अग्निकर्माच्या अध्यायात धूमोपहत रुग्णाची लक्षणे व चिकित्सा स्वतंत्रपणे सांगितली आहे. श्वास, शिंका, कास, नेत्रदाह ही ती लक्षणे वाचताना धुराने कोंदलेल्या खोलीत रात्र काढणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर उभा राहतो. यात त्याच्याबरोबर राहणारा, स्वतः सिगारेट न ओढणारा मित्रही आला.

महाराष्ट्रातील चित्र

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १५ वर्षांवरील २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होते. त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. आपल्या राज्यात तंबाखू-चुना, मिश्री, मावा व गुटखा यांचे प्राबल्य किती मोठे आहे, हे या आकड्यांवरून ध्यानी येते.

यावरून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली अशी की, धूम्रपान न करणारे येथे प्रचंड बहुसंख्य आहेत. "सगळेच ओढतात" ही विद्यार्थ्याची समजूत त्याच्या टपरीपुरती खरी असेल, समाजापुरती खरी नाही, हे त्याला आकडा सांगून पटवावे. दुसरी अशी की, सिगारेट सोडणारा विद्यार्थी नकळत माव्याकडे वा तंबाखूच्या पुडीकडे वळण्याचा धोका आपल्या भागात मोठा आहे. म्हणून विचारणा करताना व त्याग सुचविताना "तंबाखू" हा शब्द व्यापक अर्थाने वापरावा.

व्यसनाचे स्वरूप : धी, धृति, स्मृति

धुरातून घेतलेले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे ते क्षणिक तरतरी उत्पन्न करते आणि सुमारे दोन तासांत त्याची रक्तातील मात्रा निम्म्यावर येते. मात्रा उतरली की चिडचिड, अस्वस्थता व एकाग्रतेचा अभाव जाणवू लागतो. पुढची सिगारेट ती अस्वस्थता घालविते आणि विद्यार्थी समजतो की, सिगारेटने अभ्यासाचा ताण गेला. प्रत्यक्षात आधीच्या सिगारेटने निर्माण केलेला ताणच नंतरच्या सिगारेटने घालविलेला असतो. तीक्ष्ण, उष्ण, व्यवायी व विकासी द्रव्ये ओजाच्या विरुद्ध गुणांची असून ती मनाला कसा क्षोभ देतात, हे मद्य व विष यांच्या प्रकरणांत आपण अभ्यासिले आहेच. तंबाखूचा विचारही त्याच पद्धतीने करता येतो.

प्रज्ञापराधाचे विवेचन करताना चरकाने धी, धृति व स्मृति या तिहींचा भ्रंश सांगितला आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्याची धी बहुधा शाबूत असते. सिगारेट वाईट हे त्याला ठाऊक आहे. पाकिटावरील ८५ टक्के जागा व्यापणारे इशाऱ्याचे चित्र तो रोज पाहतो. दुर्बल असते ती धृति, म्हणजे अहितापासून मनाला आवरून धरण्याची शक्ती. आणि नेमक्या वेळी लोप पावते ती स्मृति, म्हणजे आपण काय ठरविले होते याची आठवण. म्हणून केवळ दुष्परिणामांचे व्याख्यान देऊन विशेष काही साधत नाही. ज्ञान असलेल्यास पुन्हा ज्ञान देण्यापेक्षा त्याच्या धृतीला आधार आणि स्मृतीला खुणा द्याव्या लागतात. सत्त्वावजय चिकित्सेचे हे प्रत्यक्ष क्षेत्र आहे.

त्यागाचे लाभ

विद्यार्थ्यास चाळीस वर्षांनंतरच्या कर्करोगाचे भय फारसे वाटत नाही. म्हणून लाभ सांगताना जवळचे आधी व दूरचे नंतर सांगावेत.

पहिल्या काही दिवसांतील लाभ : शेवटच्या सिगारेटनंतर सुमारे २० मिनिटांत नाडीची गती व रक्तदाब उतरू लागतात. एक दिवसाच्या आत रक्तातील कार्बन मोनॉक्साइडची पातळी सामान्य होते. हा वायू रक्तरंजकाला प्राणवायूपेक्षा कितीतरी अधिक घट्ट बिलगतो, त्यामुळे स्नायूंना प्राणवायू कमी पडतो. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या मुलास ही एक गोष्ट समजावली, तर फुप्फुसाच्या चित्रांहून ती अधिक परिणाम करते. भरतीची तयारी, कबड्डी, तालीम यांचे वेड असलेली मुले आपल्या दोन्ही तालुक्यांत विपुल आहेत. त्यांच्यासाठी हेच मुख्य सूत्र ठेवावे.

काही आठवड्यांतील लाभ : दोन ते बारा आठवड्यांत रक्ताभिसरण व फुप्फुसांची कार्यक्षमता सुधारते. पुढील एक ते नऊ महिन्यांत खोकला व धाप कमी होते. रसना व घ्राण यांची शक्ती परतते, तोंडाची दुर्गंधी जाते. शुक्रजंतूंची संख्या व गती यांवर धूम्रपानाचा अनिष्ट परिणाम होतो. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने त्यागानंतर काही महिन्यांत सुधारणा अपेक्षिता येते.

मनावरील लाभ : २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्यांमध्ये चिंता, नैराश्य व ताण हे धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेने कमी झाल्याचे त्यात आढळले. परीक्षेच्या ताणासाठी सिगारेट हवी, असे म्हणणाऱ्यास हे अवश्य सांगावे.

आयुष्यावरील लाभ : ब्रिटनमधील सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे मागोवा घेण्यात आला व त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी सुमारे १० वर्षांनी घटले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यास त्यांपैकी सुमारे ३ वर्षे, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यास जवळजवळ सर्व १० वर्षे परत मिळाली. भारतातील ११ लाख कुटुंबांच्या पाहणीवर आधारलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिडीमुळे पुरुषांचे सुमारे ६ व स्त्रियांचे सुमारे ८, तर सिगारेटमुळे पुरुषांचे सुमारे १० वर्षांचे आयुष्य घटत असल्याचे दिसले. तात्पर्य, विशीतील विद्यार्थ्याने आज सिगारेट सोडली तर त्याचे जवळजवळ काहीच गमावलेले नसते. कोणत्याही वयाच्या रुग्णाला याहून मोठा लाभ देणे आपल्या हाती नाही.

"मी दिवसाला एकच ओढतो" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याचा वाढीव हृद्रोगाचा धोका वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. एक विसांश सिगारेट म्हणजे एक विसांश धोका हा हिशेब हृदयाच्या बाबतीत लागू पडत नाही. क्षयरोगाचा धोकाही धूम्रपान करणाऱ्यात सुमारे दुपटीने अधिक असतो. दाटीवाटीने राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही गोष्ट विसरता येत नाही.

आर्थिक लाभ : एक सिगारेट पंधरा रुपयांना धरली आणि दिवसाला पाच धरल्या, तर रोजचे ७५ रुपये, महिन्याचे सव्वादोन हजार आणि वर्षाचे २७ हजारांहून अधिक रुपये होतात. ऊसबिलाची वाट पाहणाऱ्या घरातून आलेल्या मुलाकडून हा हिशेब त्याच्याच हाताने केस-पेपराच्या मागे करून घ्यावा. आम्ही तो तोंडी सांगण्यापेक्षा त्याने लिहिलेला अधिक लक्षात राहतो.

एकदम सोडावे की क्रमाने?

वैद्यवर्गात या प्रश्नावर चर्चा होणे अगत्याचे आहे. चरकाने सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्यायात अभ्यस्त अहिताचा त्याग व हिताचा स्वीकार क्रमाने करावा असे सांगून पादांशिक क्रम दिला आहे. अहिताचा एक पाद कमी करावा, त्याजागी हिताचा एक पाद घालावा आणि एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवीत पुढे जावे. ओकसात्म्य झालेली गोष्ट सहसा एकाएकी सोडल्यास विकार होतात, हा त्यामागील विचार आहे.

दुसऱ्या बाजूस, इंग्लंडमध्ये सुमारे ७०० व्यक्तींवर झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही पद्धतींची तुलना करण्यात आली. एका गटाने ठरलेल्या दिवशी एकदम सिगारेट बंद केली. दुसऱ्याने आधीचे दोन आठवडे प्रमाण उतरवीत आणून मग बंद केली. चार आठवड्यांनी पहिल्या गटातील ४९ टक्के, तर दुसऱ्यातील ३९ टक्के व्यक्ती त्यागावर टिकून होत्या. सहा महिन्यांनी हे प्रमाण अनुक्रमे २२ व १५.५ टक्के होते.

या दोहोंची संगती आम्ही पुढीलप्रमाणे लावतो. पादांशिक क्रमाचे मर्म केवळ कमी करीत जाण्यात नसून प्रत्येक रिकाम्या झालेल्या जागी हितकर गोष्ट बसविण्यात आहे, आणि त्या क्रमाला निश्चित शेवट आहे. "हळूहळू कमी करतो" असे म्हणणारा विद्यार्थी बहुधा या दोन्ही अटी पाळीत नाही. त्याचा क्रम महिनोन्‌महिने चालतो. म्हणून दिवसाला थोड्या सिगारेटी ओढणाऱ्या नवव्यसनी विद्यार्थ्यास दिवस ठरवून एकदम त्याग सुचवावा. अधिक ओढणाऱ्यास, अथवा एकदम सोडण्याची ज्याची मुळीच तयारी नाही त्यास, पादांशिक क्रम द्यावा. मात्र तो लेखी द्यावा, त्याचा शेवटचा दिवस आरंभीच ठरवावा आणि कमी केलेल्या प्रत्येक सिगारेटच्या जागी काय करावयाचे तेही लिहून द्यावे.

मदात्ययाच्या प्रकरणात आणखी एक उपयुक्त सूचना मिळते. मद्य सोडलेल्याने मध्येच पुन्हा अतिमात्रेत सेवन केल्यास ध्वंसक व विक्षेपक हे विकार संभवतात, असे तेथे सांगितले आहे. सोडलेले व्यसन पुन्हा जवळ करण्याचा काल हा स्वतंत्र धोक्याचा काल आहे, ही त्यामागील दृष्टी तंबाखूच्या बाबतीतही उपकारक ठरते.

चिकित्सालयातील क्रम

१) विचारणा : प्रत्येक युवा रुग्णास, तक्रार कोणतीही असो, "बिडी, सिगारेट, तंबाखू, मावा यांपैकी काही घेतोस का?" असे सहज स्वरात विचारावे. सोबत वडील किंवा काका असतील तर त्यांना क्षणभर बाहेर बसवावे. विद्यार्थिनींसही हा प्रश्न त्याच सहजतेने विचारावा. मिळालेले उत्तर गुप्त राहील हे सांगावे आणि ते तसे ठेवावे. विश्वास एकदा गेला की रुग्ण परत येत नाही.

२) सल्ला : सल्ला स्पष्ट, अल्प आणि त्याच्या तक्रारीशी जोडलेला असावा. "तुझा हा खोकला सिगारेट थांबल्याशिवाय पुरता जाणार नाही, सोडायची असेल तर मी तुझ्या पाठीशी आहे," एवढे पुरेसे आहे. स्वतःहून सोडू पाहणाऱ्या शंभरांतील दोन-तीनच यशस्वी होतात; वैद्यकाच्या दोन-तीन मिनिटांच्या सल्ल्याने त्यांत आणखी एक ते तिघांची भर पडते. हा आकडा लहान वाटेल. परंतु वर्षभरात येणाऱ्या सर्व युवा रुग्णांचा विचार करता तो लहान राहत नाही.

३) दिवस निश्चित करणे : येत्या दोन आठवड्यांतील एक दिवस ठरवावा. परीक्षेचा आठवडा, मित्राचे लग्न किंवा गावची जत्रा टाळावी. आदल्या रात्री खोलीतील पाकीट, काडेपेटी, रक्षापात्र काढून टाकण्यास सांगावे.

४) स्मृतीच्या खुणा : कोणत्या वेळी सिगारेट आठवते ते विचारावे. बहुधा चहाबरोबर, जेवणानंतर, शौचापूर्वी आणि रात्रीच्या अभ्यासात ती आठवते. प्रत्येक वेळेसाठी पर्याय लिहून द्यावा. तल्लफ बहुधा काही मिनिटांत ओसरते, म्हणून तेवढा वेळ निभावण्याचा उपाय हाताशी असला की पुरते. पाणी पिणे, दहा दीर्घ श्वास, थोडे चालणे, बडीशेप किंवा वेलदोडा तोंडात धरणे हे साधे उपाय उपयोगी पडतात. पहिले काही आठवडे टपरीऐवजी खोलीवर चहा घेण्यास सांगावे.

५) पुनर्भेट : तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी भेट ठेवावी. मध्ये एखादी सिगारेट ओढली गेली तर रागावू नये. कोठे व कोणाबरोबर ओढली ते विचारून तेवढी फट बुजवावी.

ज्यास अधिक आधार हवा त्यास राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक द्यावा. तंबाखूच्या वेष्टनांवरही हा क्रमांक छापलेला असतो. तीव्र अवलंबन असल्यास निकोटिन-पर्यायी चिकित्सेसाठी शासकीय रुग्णालयातील तज्ज्ञांकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये.

त्यागकालीन लक्षणे व उपचार

पहिले दोन-तीन दिवस लक्षणे सर्वाधिक तीव्र असतात व दोन ते चार आठवड्यांत ओसरतात, हे रुग्णास आधीच सांगितले तर तो घाबरत नाही. ही लक्षणे बहुतांशी वातप्रधान व वातपित्तप्रधान असतात.

निद्रानाश व चिडचिड : शिरोभ्यंग, पादाभ्यंग, रात्री कोमट दूध, प्रकृती व बल पाहून ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी.

मलावरोध : सकाळच्या सिगारेटवाचून पोट साफ होत नाही ही तक्रार अत्यंत सामान्य आहे. कोष्ठानुसार त्रिफळा, मनुका, रात्रीच्या जेवणात पालेभाजी व सकाळी उष्णोदक यांनी ही अडचण बहुधा दूर होते. या एका कारणासाठी सिगारेट पुन्हा सुरू करणारे पुष्कळ असतात, म्हणून त्याचा उपाय पहिल्या दिवसापासूनच द्यावा.

कास व कफष्ठीवन : सोडल्यानंतर काही दिवस खोकला वाढल्यासारखा वाटू शकतो. वासा, कंटकारी, सितोपलादि मधासह द्यावे. ज्येष्ठमधाचा तुकडा चघळण्यास देता येतो. मात्र दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो, याचे भान ठेवावे.

भूक व वजन : अग्नी व रुची सुधारल्याने पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढू शकते. खाणावळीतील तळलेले पदार्थ आवरून व्यायाम वाढविण्यास सांगावे.

चहा-कॉफी : धुरातील घटकांमुळे यकृतातील एका विकराचे कार्य वाढलेले असते व त्यामुळे कॅफिन लवकर निघून जाते. सिगारेट सोडताच तेवढ्याच चहा-कॉफीने अधिक धडधड व अनिद्रा होते; म्हणून तिचे प्रमाण निम्म्यावर आणावे. दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्या रुग्णात त्या औषधाची रक्तातील पातळीही वाढू शकते. त्यास मूळ चिकित्सकाकडून मात्रा तपासून घेण्यास सांगणे अगत्याचे आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. वरील औषधे लक्षणांना उतार देऊन धृतीला साहाय्य करतात. व्यसन सोडविणारे हमखास औषध म्हणून त्यांची ग्वाही रुग्णास देऊ नये. तसेच दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, सरक्त ष्ठीवन, ज्वर व वजन घटणे या लक्षणांत थुंकीची तपासणी, आणि तोंडात पांढरा वा लाल चट्टा अथवा तोंड कमी उघडणे या लक्षणांत दंतवैद्यांचा सल्ला विनाविलंब घ्यावा.

औषधालयचालकांसाठी

औषधालयाच्या फळीवर काय मांडले आहे, हाही एक सल्लाच असतो. या संदर्भात पुढील बाबी ध्यानी घ्याव्यात.

वनस्पतीजन्य सिगारेट व बिडी "आयुर्वेदिक" म्हणून मागणारे ग्राहक येतात. तंबाखू नसली तरी पाने जाळल्याने कार्बन मोनॉक्साइड व डांबरसदृश द्रव्ये निर्माण होतातच, आणि हात ओठांकडे नेण्याची सवयही कायम राहते. धूमवर्ती ही वैद्याच्या लेखी सूचनेनुसार, निश्चित रोगासाठी, मोजक्या दिवसांपुरतीच द्यावी.

तंबाखूयुक्त दंतमंजन व टूथपेस्ट यांवर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली व सर्वोच्च न्यायालयाने ती १९९७ साली ग्राह्य ठरविली. आयुर्वेदीय दंतमंजनांच्या नावाखाली येणाऱ्या अपरिचित मालाचा घटकतक्ता वाचूनच तो ठेवावा. मिश्रीला दातांचे औषध समजणाऱ्या घरांतून आपले पुष्कळ विद्यार्थी येतात.

इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, विक्री व साठा यांवर २०१९ च्या कायद्याने संपूर्ण बंदी आहे; ती व्यसनमुक्तीचे साधन म्हणून सुचवू नये. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर, २०१८ पासून हुक्का पार्लरवर आणि २०२० पासून सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर निर्बंध आले आहेत. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या अधिनियमानेच मनाई आहे. आपले दुकान महाविद्यालयाच्या रस्त्यावर असेल, तर दर्शनी भागी राष्ट्रीय सेवेचा दूरध्वनी क्रमांक व "सिगारेट सोडायची आहे? आत येऊन विचारा" एवढी पाटी लावणे सहज शक्य आहे. खोकल्याचे अवलेह दर आठवड्यास नेणाऱ्या तरुणास एक प्रश्न विचारणे, हेही औषधविक्रेत्याच्या सेवेचेच अंग होय.

समारोप

आपल्या व्यवसायात जीर्ण श्वासाच्या साठीतील रुग्णावर आम्ही वर्षानुवर्षे परिश्रम करतो आणि थोडा उतार पडला तरी समाधान मानतो. तोच रुग्ण विशीत असताना एखाद्या वैद्याकडे खोकल्यासाठी गेला असेलच. त्या दिवशीचा दोन मिनिटांचा प्रश्न आजच्या सर्व औषधयोजनेहून मोलाचा ठरला असता. आज तो विशीतील विद्यार्थी आपल्या बाकावर बसलेला आहे. बारामतीत आहे, इंदापुरात आहे, भिगवणात आहे.

सभासद वैद्यांनी केस-पेपरवर नाव, वय, कोष्ठ, अग्नी यांच्या ओळीतच "तंबाखू" हा रकाना छापून घ्यावा, अशी आमची सूचना आहे. रकाना असला की प्रश्न विचारला जातो. आणखी एक गोष्ट संकोच बाजूस ठेवून लिहितो. ज्या वैद्याच्या स्वतःच्या खिशात पुडी वा पाकीट आहे, त्याने या क्रमाचा आरंभ स्वतःपासून करावा. सोडण्याचा दिवस रुग्णाबरोबरच ठरवावा आणि त्याला तसे सांगावे. धृतीला एवढा आधार दुसऱ्या कशानेही मिळत नाही.